विश्लेषण : .३२, ९ मिमी की .४५? पिस्तुलाच्या ‘बोअर’चा वाद आणि जॉन ब्राउनिंग यांची कहाणी

नवी मुंबईत आत्मसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगायचे असेल, तर सीबीडी बेलापूरच्या पोलीस आयुक्तालयाकडे परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. परवाना मिळाला, तर पुढचा प्रश्न येतो बोअरचा. पोलिसांच्या कमरेला दिसते ते ९ मिमी पिस्तूल सामान्य परवानाधारकाला घेता येत नाही. त्याच्या वाट्याला बहुधा येते ते .३२, म्हणजे बोलीभाषेतले ‘बत्तीस बोअर’.

पिस्तुलाचे हे .३२ काडतूस १९व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील एका कारागिराने घडवले. .२५, .३८० आणि .४५ ही पिस्तुलाची काडतुसेही त्याचीच. भारतीय पोलिसांच्या ९ मिमी पिस्तुलाचे मूळही त्याच्याच आराखड्यात सापडते. त्याचे नाव जॉन मोझेस ब्राउनिंग. नाशिकच्या कलेक्टर जॅक्सन खटल्यामुळे हे नाव महाराष्ट्राच्या इतिहासातही नोंदले गेले. कोण होते हे ब्राउनिंग? आणि बोअरचा वाद १०० वर्षांनंतरही का संपलेला नाही?

बोअर किंवा कॅलिबर म्हणजे काय?

बंदुकीच्या नळीच्या आतील व्यासाला बोअर किंवा कॅलिबर म्हणतात. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये तो इंचात मोजला जाई, युरोपात मिलिमीटरमध्ये. त्यामुळे .३२ म्हणजे साधारण ०.३२ इंच. हेच काडतूस युरोपात ७.६५ मिमी या नावाने ओळखले जाते. .३८० ला तिकडे ९ मिमी शॉर्ट म्हणतात, तर .२५ ला ६.३५ मिमी.

पण हे आकडे म्हणजे काटेकोर मोजमाप नव्हे, ती काडतुसांची नावे आहेत. .३८० ची गोळी आणि पोलिसांच्या ९ मिमीची गोळी जवळपास सारख्याच जाडीची असते. फरक काडतुसाच्या लांबीत आणि दारूत असतो. एकाचे पितळी कवच १७ मिमी लांब, दुसऱ्याचे १९ मिमी. .३२ चे पिस्तूल आणि .३२ चे रिव्हॉल्व्हर यांचा आकडा एकच असला तरी दोघांची काडतुसे वेगळी असतात. एकाचे काडतूस दुसऱ्यात वापरता येत नाही.

ब्राउनिंग यांची सुरुवात कुठे झाली?

२३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतील यूटा प्रांतात, ऑग्डेन या गावी त्यांचा जन्म झाला. वडील जोनाथन हे बंदुका दुरुस्त करणारे कारागीर आणि मॉर्मन पंथाचे अनुयायी. पंथातील तेव्हाच्या प्रथेप्रमाणे त्यांच्या तीन पत्नी होत्या आणि एकूण २२ अपत्ये. जॉन लहानपणापासून वडिलांच्या दुकानात भाता आणि कानस घेऊन वाढले. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी भंगारातील नळीला लाकडाचा दस्ता जोडून चालणारी बंदूक बनवली, असे सांगितले जाते. शाळा लवकर सुटली. अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही.

१८७९ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात वळणाचे ठरले. त्याच वर्षी त्यांचे रेचल चाइल्ड यांच्याशी लग्न झाले, वडिलांचे निधन झाले आणि एका वेळी एकच गोळी झाडणाऱ्या रायफलचे पहिले पेटंट मिळाले. भावांना सोबत घेऊन त्यांनी ऑग्डेनमध्येच छोटा कारखाना काढला. माल चांगला होता, पण उत्पादन हातावरचे आणि मोजकेच.

१८८३ मध्ये विंचेस्टर या मोठ्या कंपनीचे टी. जी. बेनेट यांनी ऑग्डेन गाठले आणि त्या रायफलचे हक्क ८,००० डॉलरला विकत घेतले. पुढे जवळपास दोन दशके ब्राउनिंग आराखडे देत राहिले आणि विंचेस्टर ते रोख रकमेला विकत घेत राहिली. १८८६ आणि १८९४ च्या प्रसिद्ध रायफली याच काळातल्या. त्यांतले काही आराखडे कंपनीने केवळ प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडू नयेत म्हणून घेऊन ठेवले.

गवताच्या पात्यांनी काय शिकवले?

१८८७ ते १८८९ या काळात ब्राउनिंग पंथाच्या प्रचारासाठी जॉर्जियात होते. परतल्यावर नेमबाजीच्या सरावात त्यांचे लक्ष एका साध्या गोष्टीकडे गेले. गोळी सुटली की नळीच्या तोंडासमोरचे गवत वाकते. हे दृश्य त्यांच्याआधी अनेकांनी पाहिले असेल. ब्राउनिंग यांना त्यात वाया जाणारी ऊर्जा दिसली. नळीतून बाहेर पडणाऱ्या या वायूच्या जोरावर बंदूक स्वतःच रिकामे कवच फेकून नवे काडतूस भरू शकेल, हा विचार तिथे पक्का झाला. त्यातून वायूवर चालणारी मशीनगन तयार झाली आणि १८९५ मध्ये ती कोल्ट कंपनीने बाजारात आणली.

हाच विचार पुढे पिस्तुलाकडे वळला. तोवर हातात मावणारे शस्त्र म्हणजे मुख्यतः फिरत्या चक्रीचे रिव्हॉल्व्हर. चक्री बोटाच्या जोराने फिरते. पिस्तुलात मात्र गोळीच्या धक्क्यानेच पुढचे काम व्हायला हवे होते.

.३२ चे काडतूस कसे जन्मले?

बोअरची निवड आणि पिस्तुलाची रचना यांचा घट्ट संबंध इथे समजतो. गोळी पुढे जाते तेव्हा तितकाच धक्का मागे बसतो. काडतूस कमी ताकदीचे असेल, तर हा धक्का थोपवायला वरचा जड सरकता भाग आणि स्प्रिंग एवढे पुरते. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत तो भाग जेमतेम हलतो, मग मागे सरकतो, रिकामे कवच बाहेर फेकतो आणि परत येताना नवे काडतूस नळीत ढकलतो. या रचनेला ब्लोबॅक म्हणतात. भाग कमी, खर्च कमी, बिघाड कमी.

काडतूस जोरदार असेल तर हे जमत नाही. नळी अजून दाबाखाली असतानाच कवच मागे येईल आणि फुटेल. त्यासाठी गोळी सुटेपर्यंत नळी आणि सरकता भाग एकमेकांत अडकवून ठेवावे लागतात. ब्राउनिंग यांनी दोन्ही प्रकार घडवले. साध्या रचनेसाठी .३२, पुढे .२५ आणि .३८०. अडकणाऱ्या नळीच्या रचनेसाठी .३८ आणि .४५.

१८९७ मध्ये बेल्जियममधील फाब्रिक नॅशनल, म्हणजे एफएन या कंपनीच्या प्रतिनिधीच्या नजरेस त्यांचे .३२ चे पिस्तूल पडले. लिएजजवळच्या हर्स्टल येथील हा कारखाना तेव्हा कामाच्या शोधात होता. ‘मॉडेल १९००’ म्हणून ते पिस्तूल बाजारात आले आणि युरोपभर खपले. १९०६ च्या सुमारास वेस्टकोटाच्या खिशात मावणारे .२५ चे पिस्तूल आले, १९०८ मध्ये .३८० चे काडतूस. १९१४ पर्यंत एफएनने दहा लाख ब्राउनिंग पिस्तुले बनवली होती. आपल्याकडे फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतात, तसे फ्रेंच भाषेत ‘ब्राउनिंग’ हा शब्दच पिस्तुलासाठी रूढ झाला.

दरम्यान, १९०२ मध्ये विंचेस्टरशी त्यांचे नाते तुटले. आपोआप काडतूस भरणाऱ्या शॉटगनसाठी त्यांना एकरकमी पैसे नको होते. प्रत्येक नगामागे रॉयल्टी हवी होती. कंपनीने नकार दिला. ते रेमिंग्टन कंपनीच्या अध्यक्षांना भेटायला गेले, पण भेटीची वाट पाहत असतानाच त्या अध्यक्षांचे हृदयविकाराने निधन झाले. मग ब्राउनिंग यांनी थेट बेल्जियमचे जहाज पकडले. एफएनने अट मान्य केली.

.४५ चा आग्रह कुठून आला?

फिलिपिन्समधील युद्धात अमेरिकी सैनिकांची तक्रार होती, की .३८ रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या लागूनही मोरो योद्धे अंगावर धावून येतात. १९०४ मध्ये कर्नल थॉम्पसन आणि लष्करी डॉक्टर लागार्ड यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत जनावरांवर, तसेच मृतदेहांवर वेगवेगळ्या बोअरच्या गोळ्या झाडून चाचण्या घेतल्या. निष्कर्ष निघाला, की लष्कराच्या पिस्तुलाचा बोअर .४५ पेक्षा कमी नसावा. चाचणीतील जनावरांची संख्या अगदी थोडी होती आणि निकालांत मेळ नव्हता, अशी टीका नंतर झाली. पण निर्णय झाला होता.

ब्राउनिंग यांनी त्यानुसार .४५ चे काडतूस आणि पिस्तूल घडवले. मार्च १९११ मधील अंतिम चाचणीत त्या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या. तापले की ते पाण्यात बुडवून गार करायचे आणि पुन्हा चालवायचे. एकदाही बिघाड झाला नाही. २९ मार्च १९११ रोजी अमेरिकी लष्कराने ते स्वीकारले. ‘एम १९११’ नावाचे हे सात गोळ्यांचे पिस्तूल १९८५ पर्यंत, म्हणजे ७४ वर्षे, लष्कराचे अधिकृत पिस्तूल राहिले.

महाराष्ट्राशी काय संबंध?

१९०९ मध्ये लंडनहून विनायक दामोदर सावरकर यांनी चतुर्भुज अमीन यांच्याकरवी २० ब्राउनिंग पिस्तुले भारतात पाठवली. पेटीच्या चोरकप्प्यातून ती मुंबईत पोहोचली. त्यांतील पिस्तूल नाशिकच्या क्रांतिकारकांच्या हाती आले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेले कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांच्यावर अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. कान्हेरे तेव्हा विशीतही पोहोचलेले नव्हते.

१९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाणे तुरुंगात फाशी झाली. ठाणे खाडीच्या पलीकडे आज जिथे ऐरोली-घणसोली आहे, तिथे तेव्हा आगरी-कोळ्यांची गावे, भातखाचरे आणि मिठागरे होती. सावरकरांना १३ मार्च १९१० रोजी लंडनमध्ये अटक झाली. पिस्तुले पाठवल्याचा आरोप त्यांच्यावरील खटल्यात होता. त्यांना दोन जन्मठेपा मिळून ५० वर्षांची शिक्षा झाली.

ब्राउनिंग यांच्या वस्तू जगाच्या इतिहासात अशाच अनपेक्षित ठिकाणी भेटतात. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत गाव्ह्रिलो प्रिन्सिप याने ऑस्ट्रियाच्या युवराजाला आणि त्यांच्या पत्नीला मारले ते एफएनच्या ‘मॉडेल १९१०’ या .३८० बोअरच्या ब्राउनिंग पिस्तुलाने. त्यातून पहिले महायुद्ध पेटले. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत पुण्याच्या नथुराम गोडसे याने महात्मा गांधींवर तीन गोळ्या झाडल्या, ते पिस्तूल इटलीच्या बेरेटा कंपनीचे होते. त्याचे काडतूस मात्र ९ मिमी शॉर्ट, म्हणजे ब्राउनिंग यांचेच .३८०. लष्करी अधिकारी ज्याला पिस्तुलासाठी दुबळे मानत, त्या बोअरने हे घडवले.

महायुद्धात त्यांनी काय केले?

१९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिच्याकडे पुरेशा मशीनगन नव्हत्या. ब्राउनिंग यांची पाण्याने थंड होणारी मशीनगन आणि ‘बार’ या नावाने ओळखली जाणारी स्वयंचलित रायफल सरकारने स्वीकारली. हक्कांसाठी सरकारने देऊ केलेले साडेसात लाख डॉलर त्यांनी घासाघीस न करता घेतले. रॉयल्टीच्या हिशेबाने ही रक्कम कितीतरी पट झाली असती. विंचेस्टरशी रॉयल्टीवरून फारकत घेणाऱ्या माणसाने देशाच्या बाबतीत मात्र तो हट्ट धरला नाही. त्यांचा मुलगा व्हॅल हा लष्करी अधिकारी म्हणून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर तीच रायफल घेऊन होता.

पोलिसांच्या ९ मिमीशी त्यांचे नाते काय?

९ मिमीचे काडतूस ब्राउनिंग यांचे नव्हे. ते मूळच्या ऑस्ट्रियाच्या गेऑर्ग लुगर यांनी २०व्या शतकाच्या सुरुवातीला घडवले. मात्र फ्रेंच लष्कराला जास्त गोळ्यांचे पिस्तूल हवे होते, म्हणून १९२० च्या दशकात ब्राउनिंग यांनी एफएनसाठी ९ मिमीच्या नव्या पिस्तुलाचे काम हाती घेतले. १९२३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी हर्स्टलच्या कारखान्यात, मुलगा व्हॅल यांच्या कार्यालयात काम करत असताना हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. ते ७१ वर्षांचे होते. त्यांच्या नावावर १२८ पेटंटे होती. पार्थिव ऑग्डेनला नेण्यात आले. अर्धवट राहिलेले पिस्तूल त्यांचे बेल्जियन सहकारी दियुदोने सेव्ह यांनी पूर्ण केले आणि १९३५ मध्ये ते ‘हाय पॉवर’ नावाने आले. त्याच्या मॅगझिनमध्ये १३ गोळ्या बसतात. भारतात इशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार होणारे ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए’ हे याच घराण्यातले.

ताकदीत नेमका किती फरक?

नेहमीच्या काडतुसांचे ढोबळ आकडे असे (जूल हे गोळीच्या ऊर्जेचे माप) :

• .२५ : गोळीचे वजन सुमारे ३.२ ग्रॅम, ऊर्जा ९० जूलच्या आसपास.
• .३२ : ४.६ ग्रॅम, साधारण १७५ जूल.
• .३८० : ६.२ ग्रॅम, साधारण २६० जूल.
• ९ मिमी : ७.५ ग्रॅम, साधारण ४८० जूल.
• .४५ : १४.९ ग्रॅम, साधारण ४८० जूल.

शेवटच्या दोन ओळी पाहा. .४५ ची गोळी दुप्पट वजनाची, पण संथ. ९ मिमीची हलकी, पण वेगवान. ऊर्जा जवळपास सारखीच. ९ मिमीच्या मॅगझिनमध्ये गोळ्या जास्त बसतात आणि हाताला झटका कमी बसतो. अमेरिकी लष्कराने १९८५ मध्ये .४५ सोडून ९ मिमी घेतले. अमेरिकेच्या एफबीआयने १९८६ च्या मायामी चकमकीनंतर १० मिमी आणि मग .४० बोअर वापरून पाहिले आणि २०१० च्या दशकात तीही ९ मिमीकडे परतली. कारण साधे होते. गोळीचा आकार थोडा मोठा असण्यापेक्षा ती नेमकी लागणे महत्त्वाचे, आणि झटका कमी असेल तर नेम चांगला साधतो.

भारतात ‘बत्तीस बोअर’च का?

शस्त्र नियमांत बोअरचे दोन गट आहेत : प्रतिबंधित आणि अप्रतिबंधित. लष्कर-पोलिसांच्या सेवेतील ९ मिमी काडतूस चालेल अशी पिस्तुले आणि कार्बाइन प्रतिबंधित गटात येतात. ब्रिटिशकाळातील सेवा रिव्हॉल्व्हरची .३८० आणि .४५५ ही काठाची काडतुसेही त्यातच. (हे .३८० ब्रिटिश रिव्हॉल्व्हरचे, ब्राउनिंग यांचे नव्हे.) म्हणजे कायद्याची रेघ ताकदीपेक्षा सरकारी दारूगोळ्याशी जुळणाऱ्या काडतुसावर ओढलेली आहे. .३२ सेवेत नसल्याने ते नागरिकांसाठी उरले. सरकारी ऑर्डनन्स कारखान्यांनीही नागरिकांसाठी .३२ चेच रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल बनवले.

अप्रतिबंधित शस्त्राचा परवाना आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त देतात, अन्यत्र जिल्हाधिकारी. प्रतिबंधित बोअरचा अधिकार केंद्राकडे आहे. २०१६ च्या नियमांनुसार शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण आवश्यक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

खेळासाठीचे गणित वेगळे. ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले, तो .२२ चा. तिथे कमी झटका आणि स्वस्त काडतूस हीच जमेची बाजू. .२२ चे प्रसिद्ध ‘कोल्ट वूड्समन’ पिस्तूलही ब्राउनिंग यांच्याच हातचे.

मग निवड कशी करायची?

ब्राउनिंग यांनी एकच सर्वोत्तम बोअर कधी शोधला नाही. खिशासाठी .२५, शहरी ग्राहकासाठी .३२, लष्कराने मागितले म्हणून .४५, फ्रेंचांनी मागितले म्हणून ९ मिमी. प्रत्येक वेळी आधी गरज, मग काडतूस आणि त्यानंतर पिस्तूल.

नवी मुंबईतल्या परवानाधारकासाठी बोअरचा प्रश्न कायद्याने जवळपास सोडवलेलाच आहे. त्याच्यापुढे खरी निवड उरते ती .३२ चे रिव्हॉल्व्हर की .३२ चे पिस्तूल. रिव्हॉल्व्हरमध्ये साधारण सहा गोळ्या, रचना सोपी आणि भरलेले आहे की नाही हे चक्री उघडताच दिसते. पिस्तुलात गोळ्या जास्त, पण मॅगझिन काढल्यावरही नळीत एक काडतूस उरू शकते. ते तपासायचे विसरल्याने अपघात होतात. त्यामुळे दुकानात आकड्यांची तुलना करण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : शस्त्राची खरोखर गरज आहे का, सराव नियमित होणार आहे का आणि घरात मुलांचा हात पोहोचणार नाही अशी कुलूपबंद जागा आहे का. यातल्या एकाचेही उत्तर नाही असेल, तर कोणताही बोअर घेऊन सुरक्षितता वाढत नाही.